माळवदाखालचे खेळ

इतिहासाच्या पुस्तकात उदगीर येते ते लढाईमुळे. फेब्रुवारी 1760च्या सुरुवातीला सदाशिवरावभाऊने निजामाच्या फौजेला उदगीर-औसा परिसरात कोंडीत पकडले, इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी काम केले आणि तहात साठ लाखांचा मुलूख पेशव्यांच्या पदरात पडला. पुढच्याच वर्षी पानिपत झाले आणि या विजयाची चव गेली. किल्ला पाहायला येणारा माणूस आजही बुरूज मोजतो, उदागीर बाबांच्या समाधीला हात जोडतो आणि परततो. पण किल्ल्याच्या आसऱ्याने वसलेल्या गावात पावसाची झड आठवडाभर हटेना, तेव्हा लोकांनी जीव कसा रमवला, याची बखर कोणी लिहिली नाही. ती घरांच्या रचनेवरून आणि खेळांवरूनच वाचावी लागते.

मराठवाड्यातले जुने घर माळवदाचे. जाड दगडमातीच्या भिंती, लाकडी तुळया, त्यांवर फळ्या-काटक्या आणि सगळ्यांच्या वर पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात आत गारवा. पावसाळ्यात मात्र माळवद कुठे गळेल याचा नेम नसे. मोठ्या वाड्यात शिरताना आधी ढाळज लागे. ती पुरुषांची बैठक. पाऊस असो वा ऊन, पुरुषाला ढाळज होती, देवळाचा पार होता, बाजाराचा दिवस होता. घरात खरी अडकून पडे ती बाई. निजामी राजवटीत अनेक घरांमध्ये गोषा होता. शिवाय बाळंतिणीचा सव्वा महिना आणि महिन्याचे ‘बाहेर बसण्याचे’ दिवस होतेच. बाहेर बसण्याची ही प्रथा जाचक होती यात शंका नाही. पण ज्या बाईच्या हातून चूल, जाते आणि पाण्याची घागर एरवी सुटत नसे, तिला रिकामा वेळ बहुधा याच दिवसांत मिळे. घरातल्या खेळांचा इतिहास म्हणून बराचसा बायकामुलांचा इतिहास आहे.

या खेळांना दुकान लागत नसे. काटेरी शेंगेतून निघणारे राखाडी, गुळगुळीत गजगे (पुणेरी पुस्तकांत त्यांना सागरगोटे म्हणतात) एका हाताने उडवायचे, खालचे उचलायचे आणि वरचा झेलायचा. तोच गजगा उगाळून तापावर आणि पोराच्या पोटदुखीवर दिला जाई, त्यामुळे घरात तो असायचाच. चिंचोके तर चिंच फोडली की मूठमूठ निघत. ते मधोमध फोडले की एक बाजू पांढरी आणि एक काळी, म्हणजे फासे तयार. फरशीवर खडूने किंवा कोळशाने पाच गुणिले पाच घरांचा चौकोन आखायचा. चारही कडांच्या मधल्या घरात आणि ऐन मध्यावर फुली मारायची. फुलीच्या घरात सोंगटी मरत नाही. फुटक्या बांगडीचे तुकडे, ज्वारीचे दाणे, खडे, जे हाताशी असेल ती सोंगटी. चारही चिंचोके पांढरे पडले तर चार, चारही काळे पडले तर आठ, आणि दोन्ही वेळा पुन्हा टाकायची संधी. बाहेरच्या रांगेतून एका दिशेने फिरून आतल्या रांगेत उलट वळायचे. पण एखादी सोंगटी मारल्याशिवाय आत प्रवेश नाही. हा शेवटचा नियम खेळाचा जीव आहे. नुसते सांभाळून चालणाऱ्याला त्यात कधीच जिंकता येत नाही.

कर्नाटकात याला चौकाबारा म्हणतात, तेलंगणात अष्टाचम्मा आणि मराठीत चल्लस आठ. उदगीर 1956पर्यंत हैदराबाद संस्थानाच्या आणि नंतरच्या हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात होते. मराठी, कन्नड, उर्दू आणि पलीकडची तेलुगू इथल्या बाजारात एकत्र नांदत. लग्न होऊन सीमेपलीकडून आलेली सून भाषा शिकायला वेळ घेई. खेळाचा पट मात्र तिच्या ओळखीचा असे.

हाच खेळ मोठा आणि ऐटबाज झाला की सारीपाट. चार पट्ट्या, प्रत्येकीत चोवीस घरे, चार रंगांच्या सोळा सोंगट्या. कापडाचा पट गुंडाळून खुंटीला टांगता येई. ज्यांच्याकडे आणखी पैसा होता त्यांच्याकडे गंजिफा. दशावतारी गंजिफात दहा अवतारांची प्रत्येकी बारा, म्हणजे 120 गोल पाने. सावंतवाडीचे नाव सगळ्यांना ठाऊक असते, पण नांदेडच्या पूर्वेला सीमेपलीकडे असलेल्या निर्मळलाही ही लाखेची पाने रंगवली जात. छापील पत्ते आले आणि ढाळजेत मेंढीकोट रंगू लागला, तशी हाताने रंगवलेली पाने कपाटात गेली.

घरात अडकलेल्यांसाठी खेळ रचल्याची एक कथा तर थेट ज्ञानेश्वरांशी जोडली आहे. थोरली भावंडे भिक्षेला जात तेव्हा मागे राहिलेल्या धाकट्यांचे मन रमावे म्हणून मोक्षपट तयार झाला, असे सांगतात. पुरावा म्हणून ही कथा कच्ची आहे. पण मराठी ओव्या लिहिलेले जुने मोक्षपट खरोखरच सापडले आहेत. त्यांत शिडी सद्गुणाची आणि साप दुर्गुणाचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी याची सापशिडी करून विकली आणि सारीपाटाच्याच जातीच्या पचिसीला कपात फासा घालून 1896मध्ये ‘ल्युडो’ म्हणून पेटंट घेतले.

चातुर्मासात विरंगुळ्याला पुण्याची जोड मिळे. श्रीधरस्वामींचे ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’, ‘शिवलीलामृत’ हे ग्रंथ अठराव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतले. त्यांची लोकप्रियता भक्तीइतकीच गोष्टीच्या ओघामुळेही होती, असे म्हणायला हरकत नसावी. उदगीर भागातल्या लिंगायत घरांत श्रावणात मन्मथस्वामींच्या ‘परमरहस्या’चे पारायण होई. वाचणारा एक, ऐकणारे पंधरा. त्यात वाती वळणाऱ्या, शेंगा फोडणाऱ्या बायका.

आणि पहाटे जाते. दळण हा खेळ नव्हे, घाम काढणारे काम. तरी सासर, माहेर, भाऊ, विठ्ठल सगळे त्याच घरघरीत बोलून घेता येई. गी पॉइत्व्हां आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या लाखावर गेली. पिठाची गिरणी आली तेव्हा बाईचे खांदे सुटले, ओवीही सुटली. यात हळहळ कोणी करावी, हे जाते न ओढलेल्यांनी ठरवू नये.

मग रेडिओ आला. निजामाच्या काळात हैदराबादचे डेक्कन रेडिओ केंद्र उर्दूबरोबर मराठीतही बोले. 17 सप्टेंबर 1948ला निजामाची राजवट संपली आणि बोलण्याचा सूर बदलला. स्वातंत्र्यानंतर नभोवाणीमंत्री झालेले बाळकृष्ण केसकर पुण्याचे. त्यांना फिल्मी गाणी नकोशी, म्हणून सारा देश सिलोनकडे कान लावून बसला. 1952पासून बुधवारी रात्री बिनाका गीतमाला. 1957मध्ये विविध भारती सुरू करून सरकारने माघार घेतली. 1968मध्ये परभणी केंद्र आले आणि मराठवाड्याला जवळचा आवाज मिळाला. रेडिओ ठेवायला पोस्टातून परवाना काढावा लागे, त्यामुळे ज्याच्या घरी संच, त्याच्या ओसरीवर गर्दी. खिडकीआड उभ्या बाईला मात्र पहिल्यांदाच घराबाहेर पाऊल न टाकता घराबाहेरचे ऐकू आले.

30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. जवळपास दहा हजार माणसे गेली, आणि त्यांतली बरीच माळवदाच्या मातीखाली. किल्लारीहून दूर असलेल्या उदगीरकडेही नंतर लोकांना त्या छपराखाली झोप लागेना. पत्रे आले, स्लॅब आले. ढाळजेसह घराचा आतला नकाशा बदलला आणि त्यातली बैठक टीव्हीसमोर सरकली.

मार्च 2020मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा पार, चहाची टपरी, मोंढा सगळे एका फटक्यात बंद. पुरुषांना पहिल्यांदाच कळले की दुपार किती लांब असते. दूरदर्शनने 28 मार्चपासून 1987चे ‘रामायण’ पुन्हा लावले. हातातल्या फोनवर ल्युडो किंग फिरू लागला. नवी मुंबईतल्या कंपनीने 2016मध्ये आणलेला हा खेळ म्हणजे विलायतेची वारी करून आलेली पचिसीच. चौघे चार गावांत बसून एकच डाव खेळू शकत होते, ही चैन जुन्या पटाला कधी जमली नव्हती. तक्रार एकच ऐकू येई: फोनचा फासा लबाडी करतो, हवा तेव्हा सहा देत नाही. मग काही घरांतल्या आज्यांनी खडू मागवला आणि नातवंडांना चिंचोके घासायला बसवले. चिंचोके खोटे पडले तर भांडायला समोर माणूस तरी असतो.