भुलेश्वरची खरेदी आणि पांजरपोळ



लग्नाचा बस्ता निघाला की मुंबईत भुलेश्वरची फेरी ठरलेलीच. बांगड्या, खोटे दागिने, पूजेची भांडी घ्यायची, पाय दुखले की थंडगार ताक प्यायचे आणि कच्च्या केळ्याची 'जैन' पावभाजी खायची. कंदमूळ नाही, म्हणजे आपली अहिंसा पाळली गेली! याच गल्ल्यांमध्ये पांजरपोळ आहे. तिच्या दारावरून मी कितीदा पिशव्या सावरत तशीच पुढे गेले आहे.

१८३२ साली मुंबईत पोलीस भटकी कुत्री मारत होते. पारशी चिडून रस्त्यावर उतरले. जैन आणि हिंदू व्यापारीही त्यांना मिळाले, दुकाने बंद झाली. पण राग ओसरल्यावर लोक घरी बसले नाहीत. १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभॉय हे पारशी आणि भायखळ्याचे आदीश्वर मंदिर बांधणारे आपले मोतीशा शेठ, या दोघांच्या पुढाकाराने मुक्या जिवांसाठी ही पांजरपोळ उभी राहिली. म्हाताऱ्या, लंगड्या जनावरांचा खर्च व्यापाऱ्यांनी उचलला.

त्यांची अहिंसा ताटापुरती नव्हती, तिजोरीपर्यंत पोहोचली होती. आपली मात्र पावभाजीपाशीच थांबते का?

आजही तिथे गाईंना हिरवा चारा घालता येतो. या खेपेला भाचीच्या बस्त्याच्या यादीत मी पहिली ओळ तीच लिहिली आहे. साडी दुसऱ्या ओळीवर.