मुकादमाचा शब्द आणि मस्टरचा आकडा

गिरणीच्या टाइम ऑफिसात माझी उमेदीची वर्षं गेली. साहेब येत-जात राहिले, पण प्रत्येकाच्या तोंडी एक वाक्य ठरलेलं: शिमग्याला गावी गेलेला कोकणी पेरणी आटोपल्याशिवाय परत येत नाही.

हे वाक्य साहेबांना वारशानं मिळालं होतं. दावरांनी मुंबईची पहिली कापडगिरणी 1854 मध्ये काढली, 1875 मध्ये मालकांचा संघ झाला, आणि पुढं चौकशीसाठी जी समिती येई तिच्यापुढं हेच गाऱ्हाणं: कामगार मनानं शेतकरीच, तो टिकत नाही, खाडे फार करतो. प्रत्येक गिरणीत हजेरीचं मस्टर होतं. त्यातला माणूस गेला कुठं आणि का, हे मात्र फारसं कुणी शोधलं नाही.

शोधणार तरी कोण? भरती मुकादमाच्या हाती. सकाळी फाटकापाशी उभ्या माणसांतून आपल्या गावचा, आपल्या चाळीतला, नाहीतर दस्तुरी देणारा तो आत घेई. रजेसाठी त्याचीच मनधरणी, उसनवारी पुष्कळदा त्याच्याकडेच. त्यात पगार पुढच्या महिन्याच्या मध्याला. मध्येच सोडून जाणाऱ्याचे केलेल्या कामाचे पैसे बुडण्याची भीती. कुणी आजारपणात महिनाभर गावी राहिला, तर त्याच्या साच्यावर दुसरा उभा. परत आल्यावर तो शेजारच्या गिरणीत लागे. पहिल्या मस्टरमध्ये तो ‘पळाला’, दुसऱ्यात ‘नवा’. माणूस गिरणगावातच, आणि कागदावर मात्र अस्थिर!

मोजायला सुरुवात केली ती सरकारनं. 1921 मध्ये मुंबई सरकारचं लेबर ऑफिस निघालं, ‘लेबर गॅझेट’ छापू लागलं. त्याचे प्रमुख फिंडले शिरास यांनी कामगार कुटुंबांचे जमाखर्च गोळा करून 1923 मध्ये अहवाल काढला. त्यातला एक निष्कर्ष आजही अंगावर येतो: गिरणी कामगाराचं खाणं तुरुंगाच्या नियमावलीत कैद्याला ठरवून दिलेल्या शिध्यापेक्षा कमी होतं. असा माणूस आजारी पडून गावी गेला, तर त्याला शेतीची ओढ म्हणायचं का?

आकडे छापून आले म्हणून कारभार बदलला, असं मी म्हणणार नाही. 1928 मध्ये संपानं गिरण्या सहा महिने बंद पडल्या, तेव्हा मालकांचे डोळे उघडले. 1931 मध्ये कामगारांविषयीच्या रॉयल कमिशननं स्पष्ट लिहिलं की, भरती मुकादमाकडून काढून घ्या आणि लेबर ऑफिसर नेमा. 1935 मध्ये मालक संघानं बदली नियंत्रण योजना आणली. महिन्याच्या एक तारखेला ठरावीक माणसांना बदलीचं कार्ड द्यायचं, त्यांनी रोज सकाळी गिरणीत हजर व्हायचं, आणि खाड्याच्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या. योजना साधीच, पण त्यामुळं आज कामाला कुणाला घ्यायचं हे ठरवायला मुकादमाच्या मर्जीखेरीज एक यादी हाताशी आली. दुसऱ्याच वर्षीच्या वेतन कायद्यानं पगार सात किंवा दहा तारखेच्या आत देणं भाग पाडलं.

पुढं मॉरिस डेव्हिड मॉरिस या अमेरिकी अभ्यासकानं मुंबईच्या गिरण्यांचे 1854 ते 1947 चे कागद चाळले आणि 1965 मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांच्या मते कामगारांचा तुटवडा कधी नव्हताच, आणि शिस्त ढिली राहिली ती मालकांच्याच धोरणामुळं. मला ते पटतं. फाटकावर रोज फुकट रांग लागत असताना कायम माणूस सांभाळण्याची गरज मालकाला कशाला वाटेल?

मुकादम मात्र कार्डानं संपला नाही. यादीत नाव घालायला त्याची शिफारस चालतच राहिली, आणि 1982 च्या संपापर्यंत बदली कामगार हजारोंनी गिरण्यांत होते.