'मकाका' हा शब्द 'मर्कट'वरून आला आहे का? जाणून घ्या बोरिवलीतल्या माकडाच्या शास्त्रीय नावाचा अर्थ

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात गेलात, तर पर्यटकांच्या पिशव्यांवर डोळा ठेवून बसलेली माकडं हमखास दिसतात. त्यातल्या लांब शेपटीच्या, डोक्यावर केसांची टोपी असलेल्या माकडाचं शास्त्रीय नाव आहे 'मकाका रेडिएटा'. 'मकाका' ऐकलं की अनेकांना संस्कृतमधला 'मर्कट' आठवतो. पण या दोन शब्दांचं नातं नाही.

मग 'मकाका' आला कुठून?

हा शब्द मूळचा मध्य आफ्रिकेतल्या बांटू भाषांमधला. तिथे 'काकू' म्हणजे माकड आणि 'मकाकू' म्हणजे माकडं. तो ऐकून पोर्तुगीजांनी 'मकाको' हा शब्द घेतला. पाव, बटाटा हे शब्द मराठीत आणणारे हेच पोर्तुगीज. पुढे फ्रेंच निसर्गअभ्यासक लासेपेद यांनी १७९९ मध्ये 'मकाका' हे प्रजातींच्या एका गटाचं नाव केलं. गंमत म्हणजे या गटातली जवळपास सगळी माकडं आशियात राहतात. आफ्रिकेत फक्त एक, बार्बरी मकाक!

'रेडिएटा' म्हणजे काय?

लॅटिनमध्ये 'रेडियस' म्हणजे किरण किंवा चाकाचा आरा. या माकडाच्या डोक्यावरचे केस मधल्या बिंदूपासून किरणांसारखे पसरतात, म्हणून हे नाव.

आपला 'माकड' शब्द कसा तयार झाला?

संस्कृत 'मर्कट', त्यापासून प्राकृत 'मक्कड' आणि मग मराठी 'माकड'. म्हणजे दोन्ही शब्दांचे प्रवास पूर्णपणे वेगळे.

माकड आणि वानर एकच का?

नाही. काळ्या तोंडाचा, लांब शेपटीचा तो वानर, म्हणजेच लंगूर. त्याचा शास्त्रीय गट 'सेम्नोपिथेकस'. ग्रीकमध्ये 'सेम्नोस' म्हणजे पूज्य आणि 'पिथेकोस' म्हणजे माकड. हनुमानाशी जोडलेल्या या प्राण्याला हे नाव चपखल बसतं.

माकड आणि वानर या दोघांना शास्त्राने वेगळ्या गटांत ठेवलं आहे. मराठीतही त्यांच्यासाठी पूर्वीपासून दोन वेगळे शब्द आहेत. आज मात्र सगळ्यांनाच सरसकट 'मंकी' म्हटलं जातं आणि हा फरक पुसला जातो. पुढच्या वेळी उद्यानात फोटो काढलात, तर आधी तोंडाचा रंग पाहा. मगच कॅप्शनमध्ये 'माकड' लिहायचं की 'वानर', ते ठरवा.