मेंदूतील लयविघटन : एका संकल्पनेची वाटचाल

मेंदूच्या विद्युत्-क्रियेचा इतिहास सांगताना लयीच्या शोधाला अग्रस्थान दिले जाते. ती लय मोडते तेव्हा काय घडते, हा प्रश्न मात्र मागे राहतो. वस्तुतः दोन्ही गोष्टी एकाच संशोधकाने पाहिल्या होत्या. जर्मनीतील येना येथील मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये मानवी मेंदूचा विद्युत्-आलेख प्रथम घेतला व १९२९ पासून आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या व्यक्तीच्या आलेखात सेकंदाला सुमारे १० तरंग उमटत. डोळे उघडताच, किंवा मनातल्या मनात आकडेमोड सुरू होताच, ते क्षीण होत.

काम सुरू झाले की तरंग मावळावेत, हे चमत्कारिकच होते. लक्ष एका ठिकाणी वेधले गेल्याने मेंदूच्या इतर भागांचे दमन होते, असा अर्थ बर्गर यांनी लावला. केंब्रिजचे एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी १९३४ मध्ये हा शोध पडताळून पाहिला. पण स्पष्टीकरण निराळे दिले. त्यांच्या मते ही लय मुख्यतः मेंदूच्या मागील, दृष्टीशी संबंधित भागातील असून असंख्य पेशी एकाच ठेक्यात चालल्यामुळे ती उमटते. दृश्य समोर येताच पेशी आपापल्या कामाला लागतात आणि ठेका फुटतो. म्हणजे तरंग लोपतात, क्रिया नव्हे. या विषयातील खरे वळण हेच म्हणावे लागेल.

बेल्जियमचे ब्रेमर यांनी १९३५ मध्ये मांजराचा मध्यमेंदू छेदला, तेव्हा वरच्या मेंदूत झोपेचे तरंग दिसू लागले. संवेदना थांबल्या की झोप येते, असे त्यांनी मानले. १९४९ मध्ये मोरुझ्झी आणि मॅगून यांनी मांजराच्या मस्तिष्क-स्तंभातील जालरूप रचनेला विद्युत्-उद्दीपन दिले, तेव्हा मोठे संथ तरंग मोडून तेथे लहान व जलद तरंग आले. जागृती ही केवळ संवेदनांची देणगी नसून तिची स्वतंत्र यंत्रणा आहे, असे यातून सूचित झाले.

परंतु लयविघटन म्हणजेच जागृती, हे समीकरण फार काळ टिकले नाही. १९५९ मध्ये फ्रान्सच्या झुवे यांनी गाढ झोपेतील मांजराचा आलेखही जागेपणासारखाच विघटित असतो, असे दाखविले. ही अवस्था त्यांनी विरोधाभासी निद्रा म्हणून वर्णिली. पुढे १९८९ मध्ये ग्रे, झिंगर व त्यांच्या सहकाऱ्यांना मांजराच्या दृष्टिक्षेत्रात एकमेकींपासून दूर असलेल्या पेशी सेकंदाला सुमारे ४० ते ६० वेळा एकाच ठेक्यात आंदोलित होताना आढळल्या, आणि तेही डोळ्यांसमोर दृश्य असताना.