बिनव्याजी सावकार

भाडे थकविणाऱ्या भाडेकरूची कथा दिवाळीच्या फराळाबरोबर वाचावयास देणे तसे शोभत नाही. पण हा विषय मला सापडला तोच मुळी दिवाळीच्या साफसफाईत. साताऱ्यातील आमच्या घराच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने दिलेल्या आहेत. बिऱ्हाडकरू माणूस सालस. पण भाडे पाच तारखेचे ठरलेले असता कधी बाराला, कधी अठराला, एकदा तर पुढच्या महिन्याच्या भाड्याबरोबरच आले. सात महिने हे असे चालले होते. मी पडलो शाळामास्तर. घंटेवर जगणारा प्राणी. गेल्या वर्षी वसुबारसेच्या आधीच्या रविवारी मी नोटीस द्यावयाचे मनाशी पक्के केले आणि जुन्या करारनाम्याचा नमुना शोधण्यासाठी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली.

नमुना मिळाला नाही. मिळाली ती आजोबांच्या भाडेपावत्यांची, सुतळीने बांधलेली चवड.

आजोबा १९३४ साली सातारा जिल्ह्यातून मुंबईस गेले आणि परळच्या एका गिरणीत लागले. चाळीतल्या एका खोलीचे भाडे साडेसहा रुपये. प्रत्येक पावतीवर दोन तारखा आहेत: भाडे कोणत्या महिन्याचे आणि पैसे पोचले कधी. मी त्या एकापुढे एक मांडल्या आणि माझे मलाच हसू आले. जानेवारीचे भाडे मार्चात, मार्चचे मेमध्ये. दिवाळीच्या सुमारास मात्र एकाच तारखेच्या तीन-तीन पावत्या. ज्यांच्या वक्तशीरपणाचे दाखले मी वर्गात देत आलो, ते आमचे आजोबा अट्टल थकबाकीदार होते!

त्यांची बाजू समजून घ्यावयाची तर गिरणगावातील पगाराची रीत ठाऊक हवी. गिरणीत महिना भरला म्हणजे पगार हाती पडत नसे. पुढच्या महिन्याचा दुसरा आठवडा उजाडावा लागे. गावाकडून नवा आलेला माणूस पहिले दमडे पाही तो दीड महिना उलटल्यावर. मधल्या काळात त्याने खावे काय? वाण्याकडे खाते आणि ते पुरेना झाले की पठाण. १९२१-२२ साली सरकारच्या कामगार कचेरीने मुंबईच्या कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली, तेव्हा जवळजवळ निम्मी कुटुंबे कर्जात आढळली. व्याजाचा रूढ दर रुपयामागे महिन्याला एक आणा. ऐकावयास किरकोळ वाटते, पण वर्षाचे बारा आणे, म्हणजे शेकडा ७५.

आता आजोबांच्या जागी बसून हिशेब करा. साडेसहा रुपये पठाणाकडून घेऊन भाडे वेळेवर भरले, तर महिन्याला साडेसहा आणे व्याज. तेच भाडे महिनाभर थकविले, तर मेहताजीची चार खरमरीत वाक्ये आणि व्याज शून्य. वाण्याने उधारी बंद केली तर संध्याकाळी चूल पेटत नाही. पठाण तर पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारातच काठी घेऊन उभा. माझी आजी म्हणे, “मालकानं तगादा लावला तर मान खाली जाती, पोट न्हाई.” तिला अर्थशास्त्र येत नव्हते, पण सगळ्या गिरणगावात घरमालक हाच एक बिनव्याजी सावकार आहे, हे तिने नेमके हेरले होते. फरक इतकाच, की हे कर्ज त्याला न विचारता काढले जाई.

मालकही सारेच काही अडाणी नव्हते. आमच्या चाळीचा मेहताजी पहिल्या तारखेला फिरकतच नसे. गिरण्यांचे पगार झाले की दुसऱ्या दिवशी जिन्याच्या तोंडाशी वही घेऊन बसे. सरकारला हे शहाणपण १९३६ साली सुचले. वेतन प्रदान कायदा झाला आणि हजाराहून कमी कामगार असलेल्या कारखान्याने सातव्या दिवसापर्यंत, मोठ्याने दहाव्या दिवसापर्यंत पगार चुकता केला पाहिजे, असे ठरले. कायदा लागू झाल्यानंतरच्या पावत्यांवर त्याचा ठसा दिसतो: उशीर दोन महिन्यांवरून एका महिन्यावर आला. आजोबा सुधारले असे मी म्हणणार नाही. पगाराची तारीख सुधारली.

पुढची गंमत अधिक मोठी आहे. भाड्यावर सरकारी अंकुश मुंबईला नवा नव्हता. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ सालीच, तसा कायदा आला होता. पण खरा पगडा बसला तो १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याचा. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच बहुतेक घरांचे ‘प्रमाण भाडे’ ठरले. आमच्या चवडीत १९३६ ची पावती साडेसहा रुपयांची आणि १९६२ चीही साडेसहाचीच. नाही म्हणावयास १९५७ साली नवे पैसे आले आणि ‘६-८-०’ चे ‘६.५०’ झाले! पालिकेच्या कराची वाढ काय ती वेगळी.

उशिरा भाडे देणाऱ्याचे काय करावयाचे, हेही त्या कायद्याच्या बाराव्या कलमाने सांगितले. भाडे मासिक आहे, रकमेबद्दल वाद नाही, सहा महिन्यांची थकबाकी साचली आहे आणि नोटीस मिळूनही महिनाभरात ती फेडली नाही, तर घर जाणार. इतर प्रकरणांत, दाव्याच्या पहिल्या तारखेला सारी बाकी भरली आणि पुढे नियमित भरीत राहिले, तर घर वाचणार.

हे होताच पारडे फिरले. साडेसहा रुपयांत डागडुजी कसली होते? जिन्याच्या पायऱ्या झिजल्या, गच्ची गळू लागली आणि मालकाला भाड्यापेक्षा रिकामी खोली मोलाची वाटू लागली. आता भाडेकरू थकला तर त्याला हवेच होते. कित्येक मालक भाडे घेईचनात. म्हणून १९५० नंतर आजोबांच्या चवडीत मेहताजीच्या पावत्या विरळ होतात आणि त्यांच्या जागी मनीऑर्डरीच्या पावत्या येतात. काही परत आलेल्या, ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारलेल्या. तारीख दर महिन्याची अकरा. एकही चुकलेली नाही. मालकाला भाडे हवे होते तोवर आजोबा उशीर करीत. त्याला ते नकोसे झाले तेव्हापासून आमचे आजोबा चाळीतील सर्वांत नियमित भाडेकरू झाले.

‘नियमित’ म्हणजे तरी काय, यावर वकिलांनी बरीच वर्षे घासाघीस केली. १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की घड्याळाच्या काट्यासारखा काटेकोरपणा येथे अपेक्षित नाही. मात्र भाडे ज्या क्रमाने देय होते त्या क्रमाच्या बऱ्यापैकी जवळपास ते पोचले पाहिजे. हे वाक्य मी आमच्या शिक्षकखोलीत लावावे म्हणतो. बिनव्याजी सावकारीही पुढे संपली. १९८७ च्या दुरुस्तीने थकबाकीवर शेकडा ९ व्याज आले आणि १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने ते १५ वर नेले.

आमच्या घराण्यापुरते एक सांगावयाचे राहिले, आणि ते सांगताना जीभ जरा अडखळते. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. वडील तेव्हा त्याच गिरणीत होते. आजीच्या पाटल्या गेल्या, पण भाडे थकले नाही. पुढे वडिलांनी खोली सोडली, ती पागडी घेऊन. त्या काळी कायद्याने तो गुन्हाच होता आणि साऱ्या मुंबईत तो रिवाजही होता. त्या पैशांतून साताऱ्याच्या घराच्या मागच्या दोन खोल्या उभ्या राहिल्या. ज्या खोल्यांच्या भाड्यासाठी मी नोटीस लिहावयास बसलो होतो, त्याच त्या.

माझा करार अकरा महिन्यांचा, हल्लीच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’ पद्धतीचा. वरची कलमे त्याला लागत नाहीत. नोटीस देऊन मी मोकळा झालो असतो. त्याऐवजी नरक चतुर्दशीला बिऱ्हाडकरूला फराळाला बोलाविले आणि चकलीचा तुकडा मोडता मोडता विचारले, “तुमचा पगार होतो कधी हो?” तो औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे आहे. पगार बारा-तेराला होतो. बँकेचा हप्ता मात्र पाचला कापला जातो. तो चुकला तर दंड. म्हणजे पठाण अजून दारात उभा आहे आणि सर्वांत स्वस्त सावकार आता मी आहे!

भाड्याची तारीख पंधरा केली. दोन गोष्टी मात्र बजावल्या: उशीर होणार असेल तर तो मला आधी कळला पाहिजे, आणि दोन महिने एकत्र साचले तर खोल्या सोडाव्या लागतील. हे दुसरे बोलताना माझा आवाज मेहताजीसारखा झाला असे पत्नीचे म्हणणे आहे. त्याने मान डोलावली. पैसे तो फोनवरूनच पाठवितो, तरी मी पावती फाडतो आणि तीवर दोन्ही तारखा लिहितो.

परवा पंधरा तारीख उलटली. काल रात्री निजानीज होताना पत्नीने विचारले, “आलं का हो भाडं?”

“नाही,” मी म्हटले, “निरोप आला आहे. शनिवारी देतो म्हणाला.”