तोफ की गोळा? एकवापरी आणि पुनर्वापरी प्रक्षेपकांचा इतिहास

१. प्रस्तावना

जबलपूरमध्ये संरक्षण उत्पादनाचे दोन जुने कारखाने आहेत. १९०४ मध्ये सुरू झालेल्या गन कॅरेज फॅक्टरीत तोफा तयार होतात. अलीकडची १५५ मिलिमीटरची ‘धनुष’ तोफ इथलीच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभ्या राहिलेल्या खमरियाच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत दारूगोळा बनतो. तोफ पुन्हा पुन्हा वापरायची असते, गोळा एकदाच. मात्र तोफही कायम टिकत नाही. मारा होत जातो तशी तिची नळी झिजते आणि ती बदलावी लागते.

उपग्रह अवकाशात नेणारा प्रक्षेपक तोफेसारखा वापरायचा की गोळ्यासारखा, हा प्रश्न गेली पन्नास वर्षे चर्चेत आहे. या पाठात आपण त्याचा इतिहास पाहू. वर्षाला किती उड्डाणे होतात, यावर त्याचे उत्तर बरेचसे अवलंबून आहे, हे त्यातून स्पष्ट होईल.

२. सुरुवात गोळ्यापासून

पहिले प्रक्षेपक क्षेपणास्त्रांपासून तयार झाले. १९५७ मध्ये स्पुटनिक नेणारा सोव्हिएत प्रक्षेपक मुळात आर-७ हे क्षेपणास्त्र होते. क्षेपणास्त्राने परत यावे अशी अपेक्षा कोणीच करत नाही. त्यामुळे हलकी रचना आणि इंधन संपताच टप्पा टाकून देणे ही पद्धत रूढ झाली.

भारताने हीच वाट धरली. एसएलव्ही-३ या पहिल्या भारतीय प्रक्षेपकाचे चारही टप्पे घन इंधनाचे होते. देशात घन इंधनाचे तंत्र विकसित करण्यात डॉ. वसंत गोवारीकर यांचा वाटा मोठा होता. पुण्यात जन्मलेले गोवारीकर पुढे तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक झाले. महाराष्ट्रातील कारखानेही या कामात उतरले. वालचंदनगरला मोटारींची पोलादी आवरणे घडवली गेली, तर विक्रोळीच्या गोदरेजमध्ये द्रव इंधनाची इंजिने तयार झाली. असे प्रत्येक आवरण आणि प्रत्येक इंजिन एकाच उड्डाणासाठी असते.

३. अपयशाचा शोध

एकवापरी यानाची मोठी अडचण विश्वासार्हतेत आहे. चार टप्प्यांपैकी प्रत्येक टप्पा १०० पैकी ९८ वेळा नीट चालतो असे धरू. चारही टप्पे एकाच उड्डाणात नीट चालण्याची शक्यता ०.९८ चा चौथा घात, म्हणजे सुमारे ०.९२ येते. साधारण तेरा उड्डाणांत एक अपयश.

१० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ चे पहिले उड्डाण फसले आणि यान बंगालच्या उपसागरात पडले. तपासात दिसले की दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतील नायट्रिक आम्ल गळून गेले होते. यानच हाती नसल्याने उड्डाणात रेडिओवरून मिळालेल्या नोंदी आणि जमिनीवरच्या चाचण्या यांच्या आधारे कारण शोधावे लागले. १८ जुलै १९८० रोजी त्याच रचनेच्या यानाने ३५ किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत नेला. पुढे एएसएलव्हीची १९८७ आणि १९८८ ची उड्डाणे फसली, तसेच १९९३ मध्ये पीएसएलव्हीचे पहिले उड्डाणही. रचना शक्यतो न बदलता, दोष दुरुस्त करत पुन्हा उडवणे याच मार्गाने पीएसएलव्ही भरवशाचे झाले.

४. स्पेस शटलचा धडा

अमेरिकेने १९८१ मध्ये शटल उडवले, तेव्हा पुनर्वापराने खर्च झपाट्याने उतरेल अशी आशा होती. वर्षाला पन्नासहून अधिक उड्डाणांची कल्पना होती. प्रत्यक्षात सर्वाधिक उड्डाणे १९८५ मध्ये झाली, तीही केवळ नऊ. प्रत्येक फेरीनंतर हजारो उष्णतारोधक फरशा आणि मुख्य इंजिने तपासावी लागत. यान परत येत होते, पण ते पुन्हा उडण्याजोगे करण्याचा खर्च प्रचंड होता. २०११ पर्यंतच्या १३५ उड्डाणांत चॅलेंजर आणि कोलंबिया ही दोन याने नष्ट झाली आणि चौदा अंतराळवीरांचा मृत्यू झाला.

५. हिशोब

काल्पनिक आकडे घेऊ. एकवापरी यानाचा खर्च १०० एकक आहे. त्यातील पहिल्या टप्प्याचे ६० आणि उरलेल्या यानाचे ४०. परत येणारा पहिला टप्पा अधिक मजबूत हवा, म्हणून त्याचा खर्च ९०. प्रत्येक फेरीनंतरच्या तपासणीला १० एकक. परतीसाठी इंधन राखून ठेवावे लागते, म्हणून वाहून नेता येणारा भार ३० टक्क्यांनी कमी.

टप्पा दोनदाच वापरला, तर प्रत्येक उड्डाणाला ४५ + १० + ४० = ९५ एकक लागतात. पण भार ०.७ पट असल्याने तुलनेसाठीचा खर्च सुमारे १३६ होतो. पाच वेळा वापरल्यास तो सुमारे ९७ आणि दहा वेळा वापरल्यास सुमारे ८४. म्हणजे चौथ्या उड्डाणापर्यंत पुनर्वापर तोट्यात आहे.

फाल्कन-९ ने डिसेंबर २०१५ मध्ये पहिला टप्पा प्रथमच जमिनीवर उतरवला आणि मार्च २०१७ मध्ये वापरलेला टप्पा पुन्हा उडवला. पुढे काही टप्पे वीसहून अधिक वेळा उडाले. यानाचा दुसरा टप्पा मात्र आजही एकवापरी आहे. २०१५, २०१६ आणि २०२४ मधील फाल्कन-९ च्या तिन्ही मोठ्या अपघातांचे मूळ या दुसऱ्या टप्प्यातच होते. तेवढ्यावरून पुनर्वापर अधिक सुरक्षित ठरत नाही. पण परत आलेला टप्पा उघडून कुठे झीज झाली ते पाहता येते. १९७९ मध्ये ही सोय नव्हती.

६. भारतापुढील प्रश्न

२०२४ मध्ये फाल्कन प्रक्षेपकांची १३० हून अधिक उड्डाणे झाली, तर भारताची पाच. पाचच उड्डाणे असतील आणि प्रत्येक टप्पा दहा वेळा वापरायचा असेल, तर दोन वर्षांत एकच नवा टप्पा लागेल. मग आवरणे घडवणाऱ्या कारखान्याची यंत्रे आणि कुशल वेल्डर उरलेला काळ काय करणार? काम तुटले की कौशल्यही हरवते, आणि पुढचा टप्पा अधिक महाग व कमी भरवशाचा होतो. पुनर्वापराचा हा खर्च वरच्या हिशोबात आलेला नाही.

तरीही भारताने तयारी चालवली आहे. २३ मे २०१६ रोजी पंख असलेल्या आरएलव्ही-टीडी यानाची चाचणी झाली. २०२३ आणि २०२४ मध्ये चित्रदुर्गजवळ धावपट्टीवर स्वयंचलित उतरण्याचे तीन प्रयोग यशस्वी झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ८,२४० कोटी रुपयांच्या नव्या पिढीच्या प्रक्षेपकाला मंजुरी दिली. त्याचा पहिला टप्पा पुन्हा वापरता येईल असा असणार आहे. त्यातून पैसा वाचायचा असेल, तर उड्डाणांची संख्या वाढवणाऱ्या उपग्रहांची आणि ग्राहकांची तजवीज यानाच्या बांधणीबरोबरच करावी लागेल.

७. स्वाध्याय

१. वरील हिशोबात तपासणीचा खर्च १० ऐवजी २५ एकक धरा. पुनर्वापर कितव्या उड्डाणापासून फायद्याचा ठरतो?
२. वर्षाला पाच उड्डाणे करणाऱ्या देशाने एकवापरी यान कायम ठेवावे का? खर्च आणि विश्वासार्हता या दोन्ही बाजूंनी चर्चा करा.