पन्नास रुपयांचा प्रवासी आणि मागे राहिलेली बाई

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९०८ मध्ये एका माणसाला दरमहा ५० रुपये द्यायचं कबूल केलं. अट एवढीच, की त्याने महाराष्ट्रात कुठेही राहावं आणि बडोदे संस्थानासाठी वर्षाला एक पुस्तक लिहून द्यावं. त्याच माणसाला कलकत्ता विद्यापीठ २५० रुपये पगार देऊ करत होतं. त्याने पन्नासच घेतले, कारण आपल्या मराठी माणसांना बुद्धाची ओळख करून द्यायची हा त्याचा ध्यास होता.

हे धर्मानंद कोसंबी. गोव्यातल्या सांखवाळ गावचे, जन्म १८७६ चा. बडोद्याचे पन्नास रुपये हाती येईपर्यंत ते नेपाळ, सिलोन आणि ब्रह्मदेश पाहून आले होते. पुढे हार्वर्डला चार वेळा गेले, रशियात लेनिनग्राडलाही जाऊन आले. आणि यातलं पहिलं सारं फिरणं जवळपास रिकाम्या खिशाने झालेलं.

मी राहते फतेगंजात. विद्यापीठ हाकेच्या अंतरावर, त्यामुळे आजूबाजूला भाड्याने राहणाऱ्या मुलामुलींची वस्ती भरपूर. संध्याकाळी चहाच्या टपरीवर ही मुलं मोबाईलमध्ये डोकं घालून हिशोब मांडताना दिसतात. कुठलं विमान स्वस्त, कुठल्या गावात एका खोलीत आठ खाटा असलेलं हॉस्टेल मिळतं, रात्रीच्या बसने गेलं तर एका मुक्कामाचे पैसे कसे वाचतात. आमच्या पिढीतल्या बायका हे ऐकून नाक मुरडतात. "हे सगळं परदेशी खूळ," म्हणतात. मला तसं वाटत नाही. पाठीवर पिशवी टाकून कमी पैशात दूर जाणं हे आपल्याकडे फार जुनं आहे. पण त्या इतिहासाचा अर्धाच भाग आपण सांगतो, म्हणून आज उरलेल्या अर्ध्याबद्दलही लिहिते.

कोसंबींना बुद्ध पहिल्यांदा भेटला तो 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकातल्या लेखात. घरी नारळाची बाग, वडिलांचं आजारपण, शिक्षण जेमतेम. वडील गेल्यावर १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडलं. आधी पुणे, तिथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची भेट. मग ग्वाल्हेर, उज्जैन करत काशी. काशीत संस्कृत शिकायचं तर राहायचं कुठे, खायचं काय? त्याचं उत्तर काशीने शेकडो वर्षांपूर्वीच देऊन ठेवलेलं होतं. तिथली अन्नछत्रं गरीब विद्यार्थ्याला जेवू घालायची. कोसंबीही अशाच छत्रात जेवले आणि शिकले.

१९०२ च्या हिवाळ्यात ते नेपाळला गेले. आज आपल्याला नेपाळला जायला व्हिसा लागत नाही, विमानाने तासा-दीड तासात दिल्लीहून काठमांडू येतं. तेव्हा डोंगर पायी चढून जावं लागे. एवढे कष्ट करून पोचले आणि तिथे जे शोधत होते ते मिळालं नाही. मग बोधगया, कलकत्ता, आणि तिथून सिलोन. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांकडे पाली शिकले, श्रामणेर झाले. पुढे ब्रह्मदेशात जाऊन राहिले. परत येऊन बुद्धाची ठिकाणं बरीचशी पायी, भिक्षा मागत पाहिली. हे सगळं त्यांनी 'निवेदन' या आत्मचरित्रात साध्या मराठीत लिहिलंय. १९२४ चं पुस्तक, पण अजून वाचवतं.

हे कसं जमलं? एकटा माणूस कितीही धीट असला तरी रिकाम्या खिशाने सिलोन गाठू शकत नाही. वाटेत छत्र होतं, विहार होता, धर्मशाळा होती, बोटीच्या तिकिटाला हातभार लावणारी माणसं होती. बौद्ध भिक्षूने पैसा हाताळायचा नाही असा नियम आहे. म्हणजे त्याच्या प्रत्येक जेवणामागे आणि प्रत्येक मुक्कामामागे दुसरं कुणीतरी उभं असतं. स्वस्त प्रवासाचा खर्च नाहीसा होत नाही, तो अनेकांत वाटला जातो.

आपल्या समाजाला हे समजावून सांगायची गरज नाही. आपले साधू आणि साध्वी वाहनात बसत नाहीत, पायांत काही घालत नाहीत, जवळ पैसा ठेवत नाहीत, तरी वर्षाचे आठ महिने विहार करतात. इथे गुजरातेत श्वेतांबर घरांतून गोचरी होते, उपाश्रयात उतरायची सोय असते. आमच्या सांगली-कोल्हापूरकडे मुनिसंघ येणार म्हटलं की घराघरांत चौका लागतो. पहाटे उठून पाणी गाळायचं, ते उकळायचं, धान्य निवडायचं, शुद्धीची वस्त्रं नेसून स्वयंपाक करायचा आणि मग दारात कलश घेऊन पडगाहनाला उभं राहायचं. कुणी करायचं हे? बायकांनी. काही बायका तर संघाबरोबर गावोगाव जाऊन चौका लावतात. पुण्य मिळतं हे खरंच. पण हजारो वर्षं चालत आलेल्या या प्रवासाची चूल आपल्या हातची आहे, हेही तेवढंच खरं.

आता बाळाबाईंकडे येते.

कोसंबींचं लग्न १८९१ मध्ये झालं होतं. पत्नीचं नाव बाळाबाई. १८९९ मध्ये त्यांना मुलगी झाली, माणिक. आणि त्याच वर्षी धर्मानंद निघून गेले. मुलगी तान्ही होती. पुढची सुमारे सात वर्षं तो माणूस काशी, काठमांडू, कोलंबो, ब्रह्मदेश करत होता आणि ही बाई गोव्यात मूल वाढवत होती. त्या काळातल्या खेड्यात, नवरा जिवंत असून घरात नाही अशा बाईला काय काय ऐकावं लागलं असेल, ते तुम्हाला मी सांगायला नको.

१९०६ मध्ये धर्मानंद गोव्याला परत येऊन कुटुंबाला भेटले. १९०७ मध्ये मुलगा झाला, दामोदर, म्हणजे पुढचे प्रसिद्ध गणिती आणि इतिहासकार डी. डी. कोसंबी. बडोद्याचे पन्नास रुपये सुरू झाल्यावर संसाराला थोडा आधार आला. बडोद्यात दिलेल्या व्याख्यानांतून 'बुद्ध, धर्म आणि संघ' हे पुस्तक १९१० मध्ये निघालं. त्याच वर्षी हार्वर्डचे प्राध्यापक जेम्स वुड्स यांच्या बोलावण्यावरून ते अमेरिकेला गेले. १९१८ मध्ये दुसऱ्यांदा गेले तेव्हा मात्र त्यांनी माणिक आणि दामोदर दोघांना बरोबर नेलं. माणिक रॅडक्लिफ कॉलेजात शिकली. तान्ही असताना जिला सोडून गेले, तिलाच समुद्रापलीकडे शिकायला नेलं. हे मला फार मोलाचं वाटतं. बाळाबाई याही वेळी मागेच राहिल्या.

धर्मानंदांचं 'निवेदन' आहे. बाळाबाईंनी निवेदन लिहिलं नाही.

मग बाई गेलीच नाही का कधी? गेली की! पंडिता रमाबाईंचं उदाहरण याच्या शेजारी ठेवून बघा. बालपण सगळं आईवडिलांबरोबर तीर्थयात्रेत, पुराण सांगत, पायी. १८७४ च्या दुष्काळात आईवडील गेले, मग भावाबरोबर चालत चालत उत्तरेकडे. १८७८ मध्ये कलकत्ता. १८८२ मध्ये नवरा गेला तेव्हा मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती. रमाबाईंनी 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिलं आणि त्याच्या विक्रीच्या पैशांतून इंग्लंडच्या बोटीचं भाडं उभं केलं. १८८३ मध्ये निघाल्या तेव्हा दोन वर्षांची मनोरमा बरोबर होती.

१८८६ मध्ये त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियाला गेल्या. तिथून जवळजवळ तीन वर्षं अमेरिकाभर व्याख्यानं देत फिरल्या, विधवांच्या शाळेसाठी पैसा जमवला. त्या धावपळीत मनोरमेला काही काळ दुसऱ्यांच्या हाती सोपवावंच लागलं. परतीला सॅन फ्रान्सिस्कोहून पॅसिफिक ओलांडून, जपान, हाँगकाँग करत १८८९ च्या सुरुवातीला मुंबईला पोचल्या. पश्चिमेला निघालेली बाई पूर्वेकडून घरी आली. म्हणजे चक्क पृथ्वीप्रदक्षिणा! मार्चमध्ये शारदा सदन सुरू केलं आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या प्रवासावर मराठीत पुस्तकही काढलं.

दोघंही कफल्लक, दोघंही विद्वान, दोघांनाही लहान मुलगी. एकाला निघताना मूल घरी ठेवता आलं, दुसरीला ते कडेवर घ्यावं लागलं. मी इथे धर्मानंदांना दोषी ठरवायला बसलेली नाही. त्यांच्यामुळे पालीचं ज्ञान मराठीत आलं, गुजरात विद्यापीठात आपल्या जैन पंडितांबरोबर बसून त्यांनी काम केलं. पण त्यांच्या धाडसाचं कौतुक करताना बाळाबाईंच्या त्या सात वर्षांचा हिशोबही त्याच पानावर मांडायला हवा, एवढंच.

आपल्या समाजात कोसंबींचं नाव काढलं की काहींच्या कपाळावर अजून आठी पडते. प्राचीन काळातल्या मांसाहाराबद्दल त्यांनी 'भगवान बुद्ध' ग्रंथात जे लिहिलं त्यावरून मोठा वाद झाला होता. तो वाद मला माहीत आहे आणि त्यांचं ते विवेचन मला पटत नाही. पण याच माणसाने पुढे 'पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म' लिहिलं. शरीर थकलं, आता आपण दुसऱ्यांवर भार आहोत असं वाटलं, तेव्हा आपल्याच परंपरेतल्या सल्लेखनेचा मार्ग धरला. गांधीजींनी एकदा थांबवलं. शेवटी सेवाग्रामला, सुमारे महिनाभराच्या उपवासानंतर, जून १९४७ मध्ये देह ठेवला. आयुष्यभर कमीत कमी घेऊन फिरलेला माणूस जातानाही तसाच गेला. आठी घालण्याआधी एवढं आठवावं.

हे सगळं मी आज का सांगतेय? कारण आमच्याच इमारतीतल्या एका मुलीने नोकरीच्या दोन वर्षांत पैसे साठवलेत. तिला मैत्रिणीबरोबर श्रीलंका आणि मग व्हिएतनाम करायचंय. सगळा खर्च तिचा. घरात गेला महिनाभर अबोला आहे. तिच्या भावाने दोन वर्षांपूर्वी लेह-लडाख मोटरसायकलवर केलं, तेव्हा पेढे वाटले होते. तिची आई मला म्हणाली, "ताई, पैशाचं काही नाही हो. पण मुलीची जात. आणि खाण्यापिण्याचं काय?"

खाण्यापिण्याचं उत्तर आपल्याइतकं कुणाकडेच नाही. थेपले, खाकरे, मेतकूट, भाजलेल्या मुगाचं पीठ. जैन पिशवीवर माणूस आठवडा काढतो. कांदा-लसूण नको हे सांगणारं वाक्य त्या देशाच्या भाषेत लिहून खिशात ठेवलं की निम्मं काम होतं. राहिली भीती. ती खोटी नाही. पण आपल्याकडे साधूंपेक्षा साध्वी जास्त आहेत, आणि त्या अनवाणी, महामार्गाच्या कडेने, गटाने चालतात. त्यांना आपण "बाईच्या जातीने घरी बसावं" असं म्हणत नाही. त्यांच्या वाटेवर सोय लावतो. पुढच्या मुक्कामाच्या संघाला आधी निरोप जातो, कुणीतरी वेशीपर्यंत पोचवायला जातं, दुसऱ्या गावचं कुणीतरी घ्यायला येतं. मुलीसाठीही तेच करायचं. कुठे उतरणार, कुणाचा नंबर, रोज किती वाजता फोन, काही झालं तर पैसे कुठून. एवढं ठरवायला एक संध्याकाळ पुरते.

मी त्या आईला हेच सांगितलं. आणि वर आणखी एक विचारलं, की लग्नाला सव्वीस वर्षं झाली, तुम्ही स्वतः एकट्या कुठपर्यंत गेलात? ती हसली. "सुरतेपर्यंत. तेही बहिणीच्या बाळंतपणाला."

मीरा कोसंबी हे नाव लक्षात ठेवा. डी. डी. कोसंबींची मुलगी, म्हणजे बाळाबाईंची नात. एस.एन.डी.टी. विद्यापीठात स्त्री-अभ्यासाचं काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं. आजोबांचं 'निवेदन' त्यांनी इंग्रजीत आणलं आणि पंडिता रमाबाईंचं अमेरिकेच्या प्रवासाचं पुस्तकही त्यांनीच आणलं. घर सोडून गेलेला पुरुष आणि मुलगी घेऊन गेलेली बाई, दोघांचे प्रवास जगाला वाचायला दिले ते मागे राहिलेल्या बाईच्या नातीने.

तेव्हा मैत्रिणींनो, घरातली मुलगी पिशवी भरायला लागली की तिला थेपले बांधून द्या. आणि तिची परत यायची तारीख ठरली की तुमची जायची तारीखही त्याच कॅलेंडरवर लिहा. तेवढे दिवस घरातलं पाणी गाळायला, आजींची औषधं द्यायला, चूल बघायला घरातले पुरुष आहेत. शिकतील.